ढीगभर फोटोंचा फॉरमॅट एका दमात कसा बदलावा

चवथ (गणेशचतुर्थी) सरली की वाड्यावरच्या घरांतल्या माटोळ्यांचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचे, फोटो एका फोल्डरात येऊन पडतात. आयफोनचे एचईआयसी, कॅमेऱ्याचे रॉ, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेले जेपीजी, सगळी सरमिसळ. स्मरणिकेसाठी छापखाना टिफ मागतो, मंडळाच्या वेबसाइटला हलके जेपीजी हवे असतात. त्यासाठी एकेक फाइल उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करत बसू नका.

आधी दोन फोल्डर करा, ‘मूळ’ आणि ‘बदललेले’. मूळ फोल्डरातल्या फाइलींवर काहीही सेव्ह करायचं नाही. जेपीजी दरवेळी नव्याने सेव्ह करताना थोडा तपशील गळतो, आणि गळलेला तपशील टिफ केल्याने परत येत नाही. फाइल तेवढी फुगते. व्हॉट्सअ‍ॅपही साधा पाठवलेला फोटो असाच दाबून लहान करतं. म्हणून छापायचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा पुढच्या कुठल्याच सेटिंगने पडत नाही.

विंडोजवर घरगुती कामाला इरफानव्ह्यू पुरतो, तो मोफत आहे. एचईआयसीसाठी त्याचे प्लगइनही (जोडीचे छोटे प्रोग्रॅम) बसवून घ्या. प्रोग्रॅम उघडून ‘बी’ ही कळ दाबली की बॅच कन्व्हर्जनची, म्हणजे सगळ्या फाइली एकदम बदलण्याची, खिडकी येते. फोटोंचा फोल्डर निवडून ‘अ‍ॅड ऑल’ करा, आउटपुट फॉरमॅटमध्ये जेपीजी घ्या आणि शेजारच्या ‘ऑप्शन्स’मध्ये क्वालिटी ८५ ते ९० ठेवा. १०० ठेवून फाइल जड होते, डोळ्याला फरक फारसा दिसत नाही. तिथेच एक्झिफ माहिती (फोटोसोबत नोंदलेली तारीख, ठिकाण वगैरे) ठेवण्याची खूण असते. फोनच्या फोटोत घराचं नेमकं ठिकाण नोंदलेलं असू शकतं, त्यामुळे वेबसाइटवर टाकायच्या फोटोंसाठी ती खूण काढून टाका.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये लांब बाजू २०४८ पिक्सेल द्या. मूळ फाइल पुसून टाकण्याचा पर्यायही त्याच खिडकीत आहे, त्याला हात लावू नका. आउटपुटला ‘बदललेले’ फोल्डर दाखवा. आधी दोनतीनच फोटो चालवून बघा, त्यात एक उभा फोटो हवाच. आडवा होऊन बाहेर पडला तर लगेच कळतं. मग सगळे चालवा.

फोटोशॉप असेल तर ‘फाइल’, ‘स्क्रिप्ट्स’, ‘इमेज प्रोसेसर’ या वाटेने जा. जेपीजी आणि टिफ दोन्हींवर खूण केली की एकाच फेरीत दोन्ही तयार होतात, वेगवेगळ्या उपफोल्डरांत. जेपीजीची क्वालिटी इथे १२ पैकी १० पुरे. जेपीजीखालची ‘कन्व्हर्ट प्रोफाइल टू एसआरजीबी’ (वेबवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात बदला) ही खूण विसरू नका. आयफोनचे फोटो जास्त रुंद रंगपट्ट्यातले असतात. रंगांचं प्रोफाइल न वाचणाऱ्या ठिकाणी पिकल्या सुपारीच्या घडाचा नारिंगी रंग फिका पडतो.

छपाईच्या टिफचा आकार कमी करू नका. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) पूर्ण ए४ पानासाठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. त्याहून लहान फोटो असेल तर तो अर्ध्या किंवा पाव पानावर घ्या.

मंडळाचं बोधचिन्ह मात्र या घाण्यात घालू नका. पीएनजीतली पारदर्शक पार्श्वभूमी जेपीजीत टिकत नाही आणि चिन्हामागे पांढरा किंवा काळा चौकोन येतो. ते पीएनजीतच राहू द्या.