लिनक्समध्ये ड्रायव्हर आपोआप लोड होत नाही तेव्हा काय तपासावं

यूएसबी पोर्टला काही जोडलं आणि ते चाललं नाही, की पहिला सल्ला ठरलेला: ‘मॉडप्रोब मारून बघ.’ त्यानं काम होतंही, पण मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिले पाढे. मॉड्यूल म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नेलला) हवा तेव्हा जोडता येणारा, ड्रायव्हरसारखा तुकडा, आणि मॉडप्रोब हा तो लोड करणारा आदेश. असं हातानं लोड करणं ही चाचणी म्हणून चांगली. आपोआप लोड का झालं नाही, ते मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी ते कोणत्या वाटेनं होतं ते माहीत हवं.

उदाहरणाला यूएसबीवरून सीरियल पोर्ट देणारी सीएच३४० ही चिप घेऊ. स्वस्तातल्या अर्डुइनो नॅनोच्या बहुतेक बोर्डांवर ती असते. व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक) १ए८६, प्रॉडक्ट आयडी (उत्पादनाचा क्रमांक) ७५२३, मॉड्यूलचं नाव सीएच३४१. बोर्ड जोडला की कर्नेल त्याचे डिस्क्रिप्टर (डिव्हाइसनं स्वतःबद्दल दिलेली माहिती) वाचतं आणि त्यांवरून मॉडएलियास नावाची एक ओळ तयार करतं. तिची सुरुवात ‘यूएसबी:व्ही१ए८६पी७५२३डी’ अशी. पुढे डिव्हाइस आणि इंटरफेसच्या क्लासचे आकडे. ही ओळ यूइव्हेंट या संदेशातून नेटलिंक सॉकेटवर (कर्नेल आणि प्रोग्राममधल्या निरोपाच्या वाटेवर) जाते. तिथे यूडेव्ह (डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्राम) ऐकत असतो. त्याच्या ८०-ड्रायव्हर्स.रूल्स या फाइलमधला नियम ती ओळ केमॉड या मॉड्यूल लोड करणाऱ्या साधनाच्या हवाली करतो. केमॉड चालू कर्नेलच्या फोल्डरातल्या मॉड्युल्स.एलियास.बिन या तक्त्यात जुळणारं नाव शोधतो, आधी यूएसबीसीरियल आणि मग सीएच३४१ लोड करतो. त्यानंतर ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन (डिव्हाइस ताब्यात घेणारा भाग) चालतं आणि टीटीवाययूएसबी० हे पोर्ट दिसू लागतं.

तक्ता भरतो ड्रायव्हरच्या सोर्सवरून. तिथल्या मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल या मॅक्रोमुळे बिल्डच्या वेळी एलियास (ड्रायव्हर कोणत्या आयडींना चालतो ते सांगणाऱ्या ओळी) मॉड्यूलच्या फाइलमध्ये लिहिले जातात, आणि डेपमॉड ते सगळे गोळा करून तक्ता बनवतो. या सगळ्यात कुणीही अंदाज बांधत नाही. अक्षरं जुळली तर ड्रायव्हर लोड होतो. नाही जुळली तर काहीच होत नाही, बहुतेक वेळा साधी एररही येत नाही. म्हणून तर लोक तासन्‌तास लॉग चाळत बसतात.

आता तपासणी. (खालचे आदेश उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा, वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत.)

आधी हार्डवेअर कर्नेलला दिसतंय का ते बघा. यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’, पीसीआयसाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’. दुसरा आदेश फारच कामाचा: प्रत्येक कार्डाखाली सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे आणि कोणती मॉड्यूल त्याला चालू शकतात, हे दोन्ही छापतो. फक्त दुसरी ओळ दिसत असेल, तर मॉड्यूल मशीनवर आहे पण कार्डाला बांधलं गेलेलं नाही. यूएसबीच्या यादीत डिव्हाइसच नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका, केबल बदला. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलीत डेटाच्या तारा नसतात.

दिसत असेल तर मॉडएलियास वाचा:

कॅट /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस/१-२:१.०/मॉडएलियास

इथे ‘१-२’ म्हणजे पहिल्या बसचं दुसरं पोर्ट आणि ‘:१.०’ म्हणजे इंटरफेस. ही फाइल इंटरफेसच्या फोल्डरात असते. नुसत्या ‘१-२’ मध्ये शोधलीत तर सापडणार नाही. मिळालेली ओळ अवतरणात घालून विचारा (इथला ‘आर’ मोठा, कॅपिटल; लहान ‘आर’ मॉड्यूल काढून टाकतो):

मॉडप्रोब -आर ‘ती ओळ’

उत्तर ‘सीएच३४१’ आलं, तर तक्ता ठीक आहे. काहीच आलं नाही तर शक्यता मोजक्याच. मॉड्यूल इन्स्टॉलच नसेल: उबुंटूत कमी वापरातली बरीच मॉड्यूल लिनक्स-मॉड्युल्स-एक्स्ट्रा या वेगळ्या पॅकेजात असतात. मॉड्यूलची फाइल हातानं कॉपी केली असेल पण तक्ता जुनाच असेल: ‘सुडो डेपमॉड -ए’ चालवा. किंवा ड्रायव्हरला हा आयडी ठाऊकच नसेल, त्याबद्दल पुढे. आणखी एक गोष्ट घात करते. आर्चसारख्या डिस्ट्रोत कर्नेल अपडेट होताच जुन्या कर्नेलचं मॉड्यूल फोल्डर काढून टाकलं जातं, चालू कर्नेल मात्र जुनंच राहतं. मग तोवर लोड न झालेलं कोणतंही मॉड्यूल रीस्टार्टपर्यंत मिळत नाही. ‘यूनेम -आर’ चा आकडा आणि /लिब/मॉड्युल्स मधली फोल्डरं ताडून पाहिली की लगेच कळतं.

तक्ता ठीक असूनही लोड होत नसेल तर ‘यूडेव्हॲडम मॉनिटर --कर्नेल --यूडेव्ह --प्रॉपर्टी’ चालू ठेवून डिव्हाइस काढून पुन्हा जोडा. कर्नेलचा संदेश दिसतो पण यूडेव्हचा नाही, तर घोळ यूडेव्हकडे. दोन्ही दिसले तर ‘सुडो मॉडप्रोब -व्ही सीएच३४१’ आणि मग ‘डीमेसग’ (कर्नेलचा लॉग) बघा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर सिक्युअर बूट चालू आहे आणि मॉड्यूलवर मान्य सही नाही. डीकेएमएसनं (कर्नेल बदललं की ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या साधनानं) बांधलेल्या ड्रायव्हरांत हे नेहमीचं. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणजे बहुधा मॉड्यूल दुसऱ्या कर्नेलसाठी बांधलेलं. वायफाय कार्डात ‘फर्मवेअर लोड फेल्ड, एरर -२’ असेल तर ड्रायव्हर आलेला आहे, फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल नाही.

सीएच३४० ची खास कथा उबुंटू २२.०४ मधली. ड्रायव्हर व्यवस्थित लोड होतो, पोर्ट क्षणभर दिसतं आणि नाहीसं होतं. ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम याच आयडीवर हक्क सांगतो, आणि डीमेसगमध्ये त्याचं नाव स्पष्ट दिसतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर पॅकेज काढून टाका. वापरत असाल तर त्याच्या यूडेव्ह नियमांची फाइल त्याच नावानं /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये कॉपी करा आणि तिथे १ए८६:७५२३ ची ओळ बंद करा. /ईटीसी मधल्या फाइलला अग्रक्रम मिळतो.

ड्रायव्हरला आयडीच ठाऊक नसेल, पण आतली चिप त्याच्या ओळखीचीच असेल (एफटीडीआय चिपवर स्वतःचा प्रॉडक्ट आयडी टाकणारे उत्पादक बरेच आहेत), तर आधी ‘मॉडप्रोब एफटीडीआय_एसआयओ’, मग रूट म्हणून व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी ही जोडी या फाइलमध्ये लिहा:

/सिस/बस/यूएसबी-सीरियल/ड्रायव्हर्स/एफटीडीआय_एसआयओ/न्यू_आयडी

रीस्टार्टनंतर हे पुसलं जातं. /ईटीसी/मॉडप्रोब.डी या सेटिंगच्या फोल्डरात एलियासची ओळ टाकून पुरेल असं वाटतं, पुरत नाही. त्यानं मॉड्यूल लोड होतं, पण ड्रायव्हरच्या आतल्या तक्त्यात आयडी नसल्यानं ते डिव्हाइसला हात लावत नाही. त्या आयडीवर चालणारा यूडेव्ह नियम लिहा आणि लोड करणं व न्यू_आयडी भरणं ही दोन्ही कामं त्यात ठेवा.

उलट गरज, म्हणजे ड्रायव्हर थांबवणं. मॉडप्रोब.डी मधली ‘ब्लॅकलिस्ट नूव्हो’ (नूव्हो हा एनव्हिडिया कार्डांचा ड्रायव्हर) ही ओळ फक्त एलियासवरून होणारं लोडिंग थांबवते. नावानं मागितलं किंवा दुसऱ्या मॉड्यूलला ते लागलं, तर लोड होणारच. पक्कं बंद करायचं तर ‘इन्स्टॉल नूव्हो /बिन/फॉल्स’ लिहा. आणि इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइलसिस्टम) पुन्हा बांधायला विसरू नका, कारण तिच्यात या फाइलींची जुनी प्रत असते आणि बूटच्या सुरुवातीला तीच वाचली जाते. डेबियन-उबुंटूत ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’, फेडोरात ‘ड्रॅकट -एफ’, आर्चमध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’ (इथला ‘पी’ मोठा).

ज्या मॉड्यूलमागे हार्डवेअरच नाही, उदाहरणार्थ बीआर_नेटफिल्टर (नेटवर्क ब्रिजवरची वाहतूक फायरवॉलकडे नेणारं), त्याला एलियासची वाट मिळत नाही. त्याचं नाव /ईटीसी/मॉड्युल्स-लोड.डी मधल्या .कॉन्फ फाइलीत एका ओळीवर लिहा. प्रत्यक्ष डिव्हाइसचे ड्रायव्हर मात्र तिथे कोंबू नयेत. मूळ बिघाड झाकला जातो आणि पुढच्या माणसाला तो सापडत नाही.

स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल, विशेषतः डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे त्याची यादी) वापरणाऱ्या एआरएम बोर्डासाठी, तर हातानं लोड केल्यावर सगळं चालतं आणि बूटला काहीच होत नाही, ही तक्रार बहुधा मॅक्रोची ओळ राहिल्यामुळे येते. ‘मॉडइन्फो’ चालवा. एलियासच्या यादीत ‘ओएफ:’ नं सुरू होणारी ओळ नसेल, तर कम्पॅटिबल तक्त्याखाली मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल घाला, मॉड्यूल पुन्हा बांधून इन्स्टॉल करा आणि डेपमॉड चालवा.