मॅच-केस आलं आणि माझी स्क्रिप्ट अडली

माझी एक जुनी स्क्रिप्ट आहे, सगळ्या पायथॉन फाइल्स वाचून न वापरलेली फंक्शन्स शोधते, ती परवा एका फाइलवर पार्स एरर (म्हणजे कोड वाचताच येत नाही) देऊन थांबली आणि तीच फाइल नुसती रन केली तर व्यवस्थित चालत होती. त्या ओळीवर मॅच-केस होतं, म्हणजे व्हॅल्यू कशाशी जुळते त्यावरून पुढचा कोड निवडणारं, २०२१ मध्ये पायथॉन ३.१० सोबत आलेलं. स्क्रिप्टमध्ये लिब२टू३ होतं, पायथॉनसोबत यायची ती कोड वाचणारी लायब्ररी, त्याचा पार्सर (कोडची रचना ओळखणारा भाग) पुढचं एकच टोकन, म्हणजे एकच शब्द किंवा चिन्ह, बघून ठरवतो, पण मॅच हे व्हेरिएबलचं नावही असू शकतं ना, मग एका टोकनवरून त्याला कळणार कसं? (पायथॉनने स्वतः ३.९ पासून पेग पार्सर घेतलाय, तो हवं तेवढं पुढचं बघू शकतो, आणि लिब२टू३ तर ३.१३ मध्ये काढूनच टाकलं.)

मग सरळ पायथॉनचंच एएसटी मॉड्यूल वापरलं, ते कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड बनवतं. माझ्याकडे चाललं, सर्व्हरवर परत सिंटॅक्स एरर! तासभर डोकं खाल्लं, शेवटी बघितलं तर तिथे पायथॉन ३.९, आणि एएसटी ज्या व्हर्जनवर चालतं त्याचंच सिंटॅक्स ओळखतं. ३.१२ टाकलं, सुटलं.

फक्त एएसटीमध्ये कमेंट्स राहत नाहीत हं, मला नुसतं वाचायचं होतं म्हणून भागलं, कोड बदलून परत लिहायचा असेल तर लिबसीएसटी ही कमेंट्स जपणारी लायब्ररी घ्या.