पावसाळ्यात महाबळेश्वर दाखवायचं म्हणजे

महाबळेश्वरला पॉइंट दाखवायच्या धंद्यात उतरणारी बरीच मुलं मे महिन्यात सुरुवात करतात. तेव्हा फार बोलावं लागत नाही. गाडी उभी केली, दरी दिसली, पार्टी खूश. खरा कस लागतो तो जूनपासून पुढे.

धुकं उतरलं की आर्थर सीटवरून सावित्रीचं खोरं दिसणं सोडाच, शेजारच्या माणसाची छत्रीही नीट दिसत नाही. म्हणून भाडं ठरवतानाच सांगा, "साहेब, आज दरी दिसेलच असं नाही. उघडलं तर थांबू, नाहीतर जवळचं दाखवतो." हे सकाळी हॉटेलच्या दारात बोललं की संध्याकाळी कटकट होत नाही.

जवळचं म्हणजे काय, तर क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या नद्यांचं पाणी एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतं. पुढे कृष्णाबाईचं देऊळ. तिथला काळा दगड पावसात शेवाळाने हिरवागार होतो, पायऱ्या मात्र निसरड्या, म्हाताऱ्या माणसांना हात द्या. वाटेत जुन्या घरांच्या भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून केलेलं आच्छादन दिसलं तर गाडी थांबवून दाखवा. इथला पाऊस काय चीज आहे, ते दरीपेक्षा या भिंतींवरून लवकर कळतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रतापगड मात्र प्रत्येकाला हवाच असतो, आणि त्यासाठी आंबेनळी घाट उतरावा लागतो. निघण्याआधी आदल्या रात्री किती पडला ते विचारा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा घाट ठिकठिकाणी खचला होता. पाणी मातीत मुरतं, खालच्या कातळावर अडतं, आणि जड झालेली माती घसरते. रस्त्यावर बारीक खडे नुकते पडलेले, डोंगराकडचा स्वच्छ ओहळ एकाएकी लाल गढूळ झालेला, दरीकडच्या कडेला डांबराला नवी भेग, तिरकं झालेलं झाड, यातलं एक जरी दिसलं तरी पुढे जाऊ नका. फोटोसाठी डोंगराच्या कुशीला गाडी लावायची नाही, धबधबा कितीही सुंदर असो.

उतारावर दुसरा गिअर, न्यूट्रल कधीच नाही. दिवे लो बीमवर ठेवा, हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची सवय सोडा, वळताना मागच्याला काही कळत नाही. काचेवर वाफ धरली तर एसी सुरू करून हवा काचेवर सोडा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तर नियमातच आहे.

अर्ध्यातून परतावं लागलं तर प्रतापगडाचे पैसे मी घेत नाही. त्यामुळे परतायचा निर्णय मोकळ्या मनाने घेता येतो, आणि पार्टीलाही पटतं की हा माणूस आपल्यासाठीच थांबतोय. शंका असेल तेव्हा खालून वर आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारा. मोबाइलवरच्या नकाशाला घाट मोकळा दिसत असतो, पण तासाभरापूर्वी तिथून गाडी काढलेली असते ती त्याने.