इंजिनिअरिंग की कॉम्प्युटर : फॉर्म भरायच्या आधीची तयारी

बाय, परवा तू फोनवर विचारलंस, मामा, मेकॅनिकल घेऊ की कॉम्प्युटर, आणि मी घाईत कायतरी बोलून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं म्हणून आता नीट लिहून काढतो. पेपर संपल्यावर फॉर्म भरेपर्यंत थोडेच आठवडे मिळतात, त्यात लग्नं, जत्रा, पाहुणे सगळं येतं, म्हणून एकेक गोष्ट आत्तापासून करत जा.

पहिलं काम म्हणजे दोन्ही कामं स्वतःच्या हाताने करून बघायची. तुमच्या माडीवरचा तो पंखा हळू फिरतो ना, तो मी रविवारी आलो की खाली काढू, मेन स्विच बंद करून, आणि मी येईपर्यंत एकटीने हात लावू नको, कारण इलेक्ट्रिशियन ज्याला कंडेन्सर म्हणतात त्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो. तो कंडेन्सर कशाला असतो ते आधी वाचून ठेव. घरातली वीज सिंगल फेज, तिच्या एकटीने मोटर फिरायला लागत नाही, म्हणून दुसऱ्या वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यातला, करंट थोडा पुढे सरकवायला तो लावलेला असतो. तो कमजोर झाला की पंखा मंदावतो. बऱ्याच पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, जुन्यावर आकडा लिहिलेला असतो तो वाचून तसाच आणायचा. मग त्याच आठवड्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घे, मोबाईलवरही चालतं, आणि चवथीला गणपतीवर फळं टांगतो त्या माटोळीच्या सामानाचा एक छोटा प्रोग्राम लिही : नारळ, सुपारीचा कात्रा, तवसं, चिबूड, प्रत्येकाचा भाव, किती घेतलं, एकूण किती झालं, सगळ्यात महाग काय. मग आईने भाव बदलला तर काय, एकच वस्तू दोनदा लिहिली गेली तर काय, हे त्यात बसव.

आता खरं बघायचं ते हे, की अडकल्यावर तुला कसं वाटतं. मजा पहिल्या दिवशी दोन्हीत येते, तिच्यावर जाऊ नको. पंख्यात बिघाड हाताला लागतो, आवाज येतो, वास येतो, पण पार्ट मिळेपर्यंत थांबावं लागतं आणि चुकलं तर वस्तू जळते. प्रोग्राममध्ये काही जळत नाही, शंभर वेळा परत चालवता येतो, पण चूक कुठे आहे ते दिसत नाही, दोन दोन तास त्याच ओळींकडे बघत बसावं लागतं. यातला कुठला त्रास तुला सोसवतो ते वहीत लिहून ठेव, रोजच्या रोज, दोन ओळी पुरे. पुढची तीस वर्षं तोच त्रास सोबत असणार आहे.

दुसरं, रस्ता कुठून कुठे जातो ते समजून घे. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल करून सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं, माझ्या वर्गातले कितीतरी गेले, बऱ्याच आयटी कंपन्या भरतीला सगळ्या ब्रांच घेतात. उलटं मात्र कठीण. वीज खात्यात किंवा सार्वजनिक बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर व्हायचं, तर त्या त्या शाखेची डिग्री किंवा डिप्लोमाच मागतात, कॉम्प्युटरवाल्याला तिथे दार नाही. म्हणून मन अगदीच अर्धं अर्धं असेल तर मी इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडे झुकायला सांगेन. पण कोडिंगचं वेड असेल तर उगाच वळसा घालू नको, चार वर्षं नावडते विषय काढणं फार जड जातं, मी काढलीयत.

आणि कॉम्प्युटर म्हणजे फक्त बीईच असंही नाही. बीसीए तीन वर्षं आणि मग एमसीए दोन वर्षं, हा रस्ता आपल्याकडे लोक कमी धरतात पण चांगला आहे, गोवा विद्यापीठातच एमसीए आहे. एमसीएसाठी बारावीला किंवा डिग्रीला गणित असलेलं बरं, ते तुझ्याकडे आहे. सिलॅबस डाऊनलोड करून वाच, ब्रांचच्या नावावर जाऊ नको. बीईला कॉम्प्युटर घेतलं तरी पहिल्या वर्षी फिजिक्स, ड्रॉइंग, वर्कशॉप असं बरंच सुटत नाही, आणि पुढे डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम येतं. आयआयटींचे एनपीटीईएलचे व्हिडिओ फुकट आहेत, थर्मोडायनॅमिक्सची तीन लेक्चरं आणि डेटा स्ट्रक्चरची तीन बघ, कुठलं चौथं लावावंसं वाटतं ते कळेल.

कॉलेजं बघून ये, निदान फर्मागुडीला तरी जा. १९६७ सालचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तिथे, आयआयटी २०१६ पासून त्याच आवारात. एनआयटी आता कुंकळ्ळीला गेली. वेर्णा, फातोर्डा, आसगावलाही कॉलेजं आहेत, पण साखळीहून रोज बसने जाणं कुठलं झेपेल ते एकदा सकाळच्या बसने जाऊनच बघ. आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्ड, एनआयटीला जेईई मेन, बिट्स पिलानीला बिटसॅट, आणि राज्याच्या जागांसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं त्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस पहिल्या पानापासून वाच, ऐकीव माहितीवर राहू नको.

शेजारचे म्हणतील सध्या अमुकला मागणी आहे. आपण खाणपट्ट्यातले, आपल्याला हे कोणी सांगायला नको. खाणी २०१२ ला बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत थांबल्या, दारात ट्रक उभे राहिले आणि त्या भरवशावर मायनिंग शिकलेली पोरं बाहेरगावी गेली. आजची मागणी बघून आत शिरलेला माणूस चार वर्षांनी बाहेर पडतो. कॉम्प्युटरलाही हेच लागू आहे.

दोन माणसांना भेट, एक वेर्ण्याच्या फॅक्टरीत मेंटेनन्सला असलेला, एक सॉफ्टवेअरमधली, दोघांचे नंबर मी देतो. पगार नको विचारू, मागच्या सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं ते विचार.

कागदपत्रं भावोजींकडे दे. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सरकारी कचेऱ्यांत जूनमध्ये गर्दी होते म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाकायला सांग. पैशाची काळजी ताईने करू नये, सरकारची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिचे नियम मी बघून ठेवतो. लॅपटॉप आत्ता घेऊ नका, ब्रांच ठरल्यावर घ्या.

शेवटी कॉलेज-ब्रांचचे ऑप्शन भरताना क्रम तुझ्या हाताने लिही, त्या वहीतल्या नोंदी समोर ठेवून. माझा क्रम त्या वेळी दुसऱ्याने सांगितला होता आणि मी तसाच भरला. रविवारी दहाच्या बसने येतो, कंडेन्सरवरचा आकडा बघून मग दुकानात जाऊ.