रेवाल चालीचा घोडा घेताना काय बघावं

लांबच्या रपेटीची आवड आहे, पण दुडकीचे हिसके कंबरेला सोसत नाहीत, अशांनी रेवाल चालीचा घोडा बघावा. दुडकीत तिरपे दोन पाय एकदम पडतात, मग उरलेले दोन. मधल्या क्षणी घोडा हवेत असतो आणि तिथेच स्वार उसळतो. रेवालात चारही पाय सुटे पडतात, त्यामुळे बैठक हलत नाही. डोळे मिटून ऐका: दुडकीत दोन ठोके, रेवालात सारख्या अंतराचे चार.

फसगत होते ती तिसऱ्या चालीत. एका बाजूचे दोन्ही पाय जोडीनं पडत असतील तर ठोके पुन्हा दोनच येतात आणि स्वार होडीत बसल्यासारखा डावी-उजवीकडे झुलतो. अशी चालही रेवाल म्हणून खपवली जाते. तासाभरात पाठ बोलू लागते.

आपल्याकडे ही चाल मुख्यतः मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत मिळते. मारवाडी खांद्यापाशी साधारण 58 ते 62 इंच उंच, काठियावाडी त्याहून थोडा बुटका आणि आटोपशीर. उंच, लांब टांगेच्या माणसाला मारवाडी शोभतो. अरुंद पायवाटा आणि वारंवार घोड्यावर चढ-उतर असेल तर काठियावाडी सोयीचा. वजनाचा हिशेब मात्र आधी करा. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवं: 360 किलोच्या घोड्यावर 72 किलो.

तरी नुसत्या जातीवर जाऊ नका. दोन्ही जातींत रेवाल न चालणारे घोडे भरपूर आहेत. शिंगरू घेत असाल तर आई आणि बाप, दोघांची चाल बघायला मागा.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथे किंवा कुठेही, विकणारा घोडा सपाट रस्त्यावर, मान वर ओढून, जोरात पळवून दाखवतो. कडक लगामानं मान उचलली की पाठ खोलगट होते आणि वाईट चालही काही वेळ सुबक दिसते. म्हणून लगाम सैल सोडायला लावा. घोडा लगेच दुडकीवर आला, तर ती चाल हातानं धरून ठेवलेली होती. मग स्वतः बसून वीसेक मिनिटं ओबडधोबड जमिनीवर फिरवा. दमल्यावर चाल टिकते का, ते तेव्हाच कळतं. नाचकामाला शिकवलेला घोडा रपेटीसाठी शक्यतो टाळा. तो लगामाच्या जरा इशाऱ्यानं जागच्या जागी उड्या मारू लागतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांना अशा चार ठोक्यांच्या चालीच्या जातींचे पर्याय जास्त. डोंगरवाटांसाठी मिसुरी फॉक्स ट्रॉटर, मऊ बैठकीसाठी टेनेसी वॉकिंग हॉर्स, लहान चणीचा पण चलाख हवा तर पासो फिनो. टेनेसी घेताना पुढच्या खुरांच्या वरची कातडी चाचपून बघा. प्रदर्शनात पाय उंच उचलावेत म्हणून तिथे रसायनानं जखमा करण्याचा प्रकार चालत आला आहे. 1970 साली त्याविरुद्ध कायदा झाला, तरी तो पुरता थांबलेला नाही. व्रण किंवा केस गेलेले चट्टे दिसले, बोट लावताच घोड्यानं पाय ओढून घेतला, तर तो सौदा सोडा.

घोडा ठरला की त्याचं खोगीरही तपासा. रेवालात खांदा बराच पुढे-मागे सरकतो. खोगिराची पुढची कड त्यावर दाबत असेल तर पाऊल आखडतं आणि चांगली चाल महिन्याभरात बिघडते. खोगीर खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटं सरकवून बांधा.