मानेला हिसका बसल्यानंतर दुखऱ्या स्नायूंची काळजी

मागून वाहनाची धडक बसली की धड एकदम पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग पुढे फेकले जाते. या ओढाताणीत मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. यालाच व्हिपलॅश म्हणतात. दुखणे बहुधा लगेच जाणवत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मान आखडते.

हातापायांत मुंग्या, बधिरता किंवा कमजोरी असेल, मानेच्या मागे मधोमध, मणक्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, मान दोन्ही बाजूंना 45 अंशही वळत नसेल, किंवा तीव्र डोकेदुखी, उलट्या, दुहेरी दिसणे असा त्रास असेल, तर मान हलवण्याचा प्रयत्न न करता तातडीने डॉक्टरांची मदत घ्यावी. वय 65 किंवा अधिक असल्यास लक्षणे किरकोळ वाटली तरी तपासणी करून घ्यावी. स्नायूंचा ताण एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे अहवाल चांगला असूनही ठणका खराच असतो.

मणक्याला इजा नाही हे स्पष्ट झाल्यावर मान लवकर हलवायला लागावे, हाच उपचाराचा गाभा आहे. कॉलर घालून दिवसेंदिवस मान जखडून ठेवण्याची आपली हौस उलटते. स्नायू दुबळे होतात आणि आखडणे वाढते. ताठ बसून, खांदे सैल सोडून, मान हळूहळू एका बाजूला वळवावी. ओढ जाणवू लागली की दोनतीन सेकंद थांबून परत यावे, मग दुसऱ्या बाजूला. हनुवटी किंचित मागे घेणे आणि खांद्याचे फरे एकमेकांजवळ आणणे हे व्यायामही दिवसातून अनेकदा, थोडे थोडे करावेत. व्यायामानंतर थोडे दुखून लवकर शमले तर काळजी नको. कळ हातात उतरली तर मात्र थांबावे.

दुखऱ्या गाठी बहुधा मान आणि खांदा यांच्या मधल्या जाड स्नायूत व फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याशी सापडतात. तिथे बोटांनी हलका दाब द्यावा, पण मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे चोळू नये. मान कडकडून मोडून घेणे तर टाळावेच. सुरुवातीला कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटे, नंतर गरम शेक, ज्याने बरे वाटेल तो घ्यावा. वेदनाशामक डॉक्टरांना विचारून घ्यावे, म्हणजे हालचाल करणे सोपे जाते.

बहुतेकांना काही आठवड्यांत ते 3 महिन्यांत बरे वाटते. काही आठवड्यांत सुधारणा दिसत नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावेत. मान पुरेशी वळून मागचे दिसेपर्यंत गाडी चालवू नये.