‘डाऊन’चा अलर्ट खोटा ठरतो तेव्हा दोष कुठे शोधावा

नेटवर्कवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर एखादे उपकरण ‘डाऊन’ दाखवते, तेव्हा त्याला एवढेच ठाऊक असते की आपण पाठवलेल्या विचारणेचे उत्तर ठरलेल्या मुदतीत आपल्यापर्यंत पोहोचले नाही. उपकरण बंद आहे हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो, आणि खोट्या अलर्टचा शोध याच दोन गोष्टींमधल्या अंतरात घ्यावा लागतो. विचारणा हे सॉफ्टवेअर चालते त्या सर्व्हरमधून बाहेरच पडली नसेल, वाटेत हरवली असेल, उपकरणाने ती बाजूला टाकली असेल किंवा उत्तर येऊनही उशीर झाला असेल. या चारपैकी नेमके काय घडले हे कळण्यापूर्वी मुदत वाढवू नये किंवा अलर्ट बंद करू नये, कारण अशा उपायाने खऱ्या बिघाडाची बातमीही उशिरा येते किंवा येतच नाही.

समजा, देखरेखीचा सर्व्हर महापे येथील एमआयडीसीत आहे आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील शाखेचा राऊटर वारंवार दोन-तीन मिनिटांसाठी ‘डाऊन’ होऊन पुन्हा ‘अप’ दिसतो. अशा वेळी आधी त्या राऊटरचा अपटाइम (तो किती वेळ सलग सुरू आहे) आणि लॉग (घटनांच्या नोंदी) पाहावा. लॉग ताडताना दोन्हीकडची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली आहेत ना, आणि एका बाजूच्या नोंदी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) तर दुसऱ्या बाजूच्या भारतीय वेळेत नाहीत ना, याची खात्री करावी. साडेपाच तासांचा हा फरक लक्षात न आल्यास भलत्याच नोंदी तपासत बसण्याची वेळ येते. राऊटर सुरूच होता, पण त्याच्या वॅन पोर्टची (बाहेरची जोडणी जिथे येते त्या पोर्टची) लिंक त्याच मिनिटाला गेल्याची नोंद असेल, तर अलर्ट खोटा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वीज क्षणभर जाते. शाखेचा राऊटर यूपीएसवर असतो, मात्र इमारतीच्या मीटर रूममध्ये लावलेला सेवा पुरवठादाराचा मीडिया कन्व्हर्टर (फायबरवरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणारा डबा) थेट विजेवर असतो आणि तेवढ्यात तो रीस्टार्ट होतो. शाखेतील माणूस ‘आमच्याकडे सगळे चालू आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याच्या टेबलावरचा एकही दिवा विझलेला नसतो. इथे सेटिंग बदलण्याची गरज नाही. त्या कन्व्हर्टरला यूपीएसची जोडणी द्यावी.

नोंदी स्वच्छ असतील, तर अलर्टच्या वेळा एकत्र मांडून पाहाव्यात. अनेक शाखा एकाच क्षणी ‘डाऊन’ होऊन एकाच क्षणी परत येत असतील, तर दोष बहुधा सर्व्हरपाशी किंवा त्याच्या लगतच्या स्विचपाशी असतो. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने चालवलेला संगणक) असेल, तर बॅकअपसाठी स्नॅपशॉट (त्याच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेताना किंवा काढून टाकताना तो काही सेकंद थिजू शकतो आणि तेवढ्यात कित्येक तपासण्यांची मुदत उलटते. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासण्या करणाऱ्या पिंगर आणि पोलर प्रक्रिया सतत व्यग्र आहेत का, हे त्याच्या स्वतःच्या आलेखांवर दिसते. तशा त्या असतील, तर त्यांची संख्या वाढवावी. तपासण्या नावाने होत असतील, तर नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर काही सेकंद अडखळला तरी सगळी यादी लाल होते, म्हणून पोहोच तपासण्यासाठी आयपी पत्ताच वापरणे मला योग्य वाटते.

एकच शाखा त्रास देत असेल, तर अंदाज बांधण्याऐवजी सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नोंद करणारा प्रोग्रॅम) लावून ठेवावा, कारण हीच तपासणी सर्वांत निर्णायक ठरते. विचारणा बाहेर पडल्याचे दिसत नसेल, तर दोष सर्व्हरमध्ये आहे. उत्तर आले आहे पण मुदतीनंतर, तर प्रश्न विलंबाचा आहे. उत्तर वेळेत येऊनही अलर्ट निघाला असेल, तर सॉफ्टवेअर किंवा सर्व्हरचे फायरवॉल तपासावे. उत्तर आलेच नसेल, तर तीच नोंद शाखेच्या बाजूने घ्यावी, म्हणजे पॅकेट जाताना हरवते की येताना, हे ठरते.

एमटीआरचा (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती पॅकेट हरवतात ते दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) निकाल वाचताना पुष्कळ जण फसतात. मधल्या एखाद्या राऊटरवर ४० टक्के पॅकेट हरवलेली दिसली, पण शेवटच्या टप्प्यावर काहीच नुकसान नसेल, तर तो राऊटर रहदारी नीट पुढे पाठवत आहे. स्वतः तयार करून पाठवायची आयसीएमपी उत्तरे (पिंगसारख्या तपासण्यांत वापरले जाणारे संदेश) मात्र तो मोजूनमापून देतो. आपल्या शाखेच्या राऊटरवरही अशी मर्यादा लावलेली असू शकते, आणि अनेक तपासण्या एकाच सेकंदाला आदळल्या की काही उत्तरे गळतात. त्यावर तपासण्यांच्या वेळा विखुराव्यात. एसएनएमपीची (उपकरणाकडून त्याच्या स्थितीचे आकडे मागवण्याच्या पद्धतीची) विचारणा यूडीपी या वाहतूक-पद्धतीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जाते आणि हरवलेले पॅकेट यूडीपी स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे केवळ एसएनएमपीचे उत्तर न आल्यावरून उपकरणाला ‘डाऊन’ ठरवू नये.

रोज रात्री ठरावीक वेळी अलर्ट येत असेल, तर त्या वेळी बॅकअपने लिंक तुडुंब भरते का ते पाहावे. तशी ती भरत असेल, तर मी त्या अलर्टला खोटा म्हणणार नाही. तक्रार खरी आहे, फक्त तिचे नाव चुकले आहे. बॅकअपचा वेग मर्यादित करावा आणि लिंकच्या वापरासाठी वेगळा अलर्ट ठेवावा.

सेटिंगला हात लावायचा तो यानंतर. एका पॅकेटवर निर्णय सोपवण्याची पद्धत आधी बदलावी. ३०० उपकरणांची दर मिनिटाला एकदा तपासणी केल्यास दिवसाला ४,३२,००० तपासण्या होतात. त्यांतली हजारात एक जरी वाया गेली, तरी ४३२ खोटे अलर्ट निघतील. पॅकेट बहुधा एकामागोमाग हरवतात, म्हणून एकाच दमात जास्त पॅकेट पाठवण्यापेक्षा थोड्या अंतराने पुन्हा तपासणे अधिक उपयोगी पडते. नॅगिऑस या देखरेखीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीची तपासणी दर ५ मिनिटांनी, फेरतपासणी दर मिनिटाला आणि एकूण ४ प्रयत्न ठेवले, तर पहिल्या अपयशानंतर ३ मिनिटांनी अलर्ट निघतो. बिघाड नुकत्याच झालेल्या तपासणीनंतर लगेच घडला असेल, तर बातमी कळायला सुमारे ८ मिनिटे लागतात. एवढा उशीर त्या शाखेला चालेल का, हे तिथल्या कामाच्या स्वरूपावरून ठरवावे आणि प्रत्येक लिंकला एकच माप लावू नये.

याच वेळी कोणते उपकरण कोणाच्या मागे आहे, हेही सॉफ्टवेअरला सांगावे. नॅगिऑसमध्ये पॅरेंट्स (ज्यांच्या मागे उपकरण आहे ती उपकरणे) नोंदवले की वागळे इस्टेटचा राऊटर गेल्यावर त्यामागचे स्विच ‘डाऊन’ ऐवजी ‘अनरीचेबल’ दाखवले जातात. झॅबिक्समध्ये ट्रिगरच्या (अलर्ट काढणाऱ्या अटीच्या) डिपेंडन्सीने, म्हणजे एक ट्रिगर दुसऱ्यावर अवलंबून ठेवून, हेच साधते.

बदल केल्यावर शाखेची संमती घेऊन, शनिवारी काम संपल्यानंतर वॅन पोर्ट मुद्दाम बंद करावा आणि अलर्ट हिशेबात बसणाऱ्या वेळेत रात्रपाळीच्या फोनवर येतो का, तसेच पोर्ट सुरू केल्यावर ‘अप’चा निरोप येतो का, हे पाहावे. पोर्ट बंद करण्यासाठी राऊटरवर त्याच लिंकवरून लॉगिन केले असेल, तर तो परत सुरू करता येणार नाही. म्हणून कन्सोल केबल (राऊटरला थेट जोडायची केबल) घेतलेला माणूस शाखेत हजर असल्याशिवाय ही चाचणी सुरू करू नये.